एकोणीस माणसांचा कारखाना

‘टप्प्याटप्प्यानं होईल’ असं माझ्यासमोर कुणी म्हणालं, की मी उठून जाते. लेकीला ते आवडत नाही. मागे तिच्याकडे कुणी शिकलेले पाहुणे आले होते. सरकारनं सगळ्यांना फुकट औषधपाणी कसं द्यावं, यावर त्यांचं चाललं होतं. आधी हे लोक घ्यायचे, मग ते घ्यायचे, असं करत करत सगळा देश. मी पोह्यांच्या बशा त्यांच्यापुढे आदळल्या आणि आत गेले. लेक मागोमाग आली. म्हणाली, "आई, चांगलंच तर बोलत होते." बोलत होते चांगलंच. माझ्याशीही एक माणूस असाच चांगलं बोलला होता, आणि मी त्याचं कधी भलं चिंतलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही नवराबायको वळसंगजवळ रस्त्याच्या कामावर होतो. आमचे हे मुरूम खणायचे, मी बायकांच्या टोळीत खडी फोडायची. रोज सकाळी मुकादम मस्टर उघडून एकेक नाव पुकारायचा. माझं नाव नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट मोठ्यानं पुकारलं जायचं आणि मी ‘हाय’ म्हणून ओरडायची. खरं सांगायचं तर मला त्यात लाज वाटत नव्हती, निम्मं गाव तिथं होतं. पण ह्यांना ते फार लागायचं. माझं नाव आलं की ह्यांची मान खाली जायची. घरच्या बाईनं चारचौघांत हजेरी द्यावी, हे त्यांच्या आईवर कधी आलं नव्हतं, आजीवर आलं नव्हतं. एकदा भाकरी खाताना माझ्या हाताचे फोड बघून म्हणाले, "येकदा हितनं सुटू दे. परत तुजं नाव कुनाच्या हजेरीत येऊ द्यायचो न्हाय मी." मला भरून आलं होतं. आता वाटतं, त्या दिवशी ते दुसरं काहीही बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या साली पाऊस बरा झाला, पण आमचा गावातला जीव उठला होता. लेकीला सासूजवळ ठेवून आम्ही सोलापूरला आलो. शहराच्या पूर्व भागात चादरीच्या मागांचा एक कारखाना होता, तिथं ह्यांना काम मिळालं. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. विजेवरच्या मागांचा खडखडाट असा, की सुटी झाल्यावर रस्त्यावरही माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलायची. हजेरीच्या पुस्तकावर अठरा पुरुष होते. मालक तेलुगू विणकराच्या घरातला, त्याचा बाप हातमागावर बसलेला. सगळा कारखाना त्याला मामा म्हणायचा. आम्ही वळसंगचे शेतकरी, आमचा त्याचा नात्याचा काय संबंध? पण आम्हीही मामाच म्हणू लागलो. मामा म्हणायचं म्हणजे त्याच्या घरच्या लग्नाला पहिली पंगत आपली, सणाला ताट आपलं, आणि काही मागायचं झालं की तोंड शिवलेलं. मामाकडे कुणी हक्कानं रजा मागतं का?

मागावर जो धोटा इकडून तिकडे पळतो, त्यात सुताची कांडी बसवावी लागते. माग चालू असला की ती बघता बघता संपते आणि दुसरी भरलेली हाताशी लागते. या कांड्या भरायला मामानं माणूस ठेवला नव्हता. ज्याचा माग त्याच्या घरच्यांनी भरायच्या, ही तिथली जुनी रीत. हातमाग घरात होते तेव्हापासूनची. घरात नवरा विणायचा आणि बायको कांडी भरायची, त्यात कोण कुणाचा नोकर? तीच रीत मामानं उचलून पत्र्याखाली आणली आणि कुणी काही म्हटलं नाही. बहुतेकांच्या बायका घरूनच कांड्या भरून पाठवायच्या. आमच्या खोलीत पाय पसरायला जागा नव्हती, तिथं कांडी भरायचा रहाट कुठं मांडणार? म्हणून मी कारखान्यातच कोपऱ्यात बसायची. शेजारी एक तेलुगू म्हातारी असायची, तिला सगळे अव्वा म्हणत. ती मुलाच्या मागासाठी भरायची. सकाळी माग सुरू झाल्यापासून संध्याकाळी बंद होईपर्यंत आम्ही दोघी रहाट फिरवायचो, आणि आमचं नाव कुठल्याही पुस्तकात नव्हतं. हे खूश होते. म्हणायचे, "बोललो हुतो का न्हाय? घरच्यावानी बसतीस की."

दोन वर्षं अशी गेली आणि ह्यांचा खोकला सुरू झाला. सुताचा धुरळा सगळ्यांच्याच नाकातोंडात जायचा, तिथं खोकला कुणाला नव्हता? पण ह्यांचा बसेना. संध्याकाळी अंग तापायचं, गळ्याची हाडं दिसायला लागली. सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला आणि क्षय निघाला. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, घाबरू नका, बरा होणारा रोग आहे. रोज इंजेक्शन आणि वर गोळ्या, सगळं इथं फुकट मिळेल. फक्त सहा महिने माग बंद. पडून राहायचं, खायचं, झोपायचं.

औषध फुकट होतं, पडून राहणं फुकट नव्हतं. मागावर उभा राहील त्यालाच मजुरी. दुसऱ्या दिवशी सकाळी हे उठून कामावर गेले. मी अडवलं नाही. अडवून काय करणार होते? मामाला काही कळू दिलं नाही, क्षय म्हटल्यावर संध्याकाळच्या आत त्या मागावर दुसरा माणूस उभा राहिला असता. इंजेक्शनची वेळ सकाळची, माग सुरू व्हायची वेळही सकाळचीच. दोन दिवस इंजेक्शन व्हायचं आणि चार दिवस बुडायचं.

अशात युनियनचे भाऊ आमच्या खोलीवर आले, ह्यांनी दुखणं फक्त त्यांच्या कानावर घातलं होतं. गिरणीतून निवृत्त झालेला म्हातारा कामगार. सायकलच्या दांडीला कापडी पिशवी, पिशवीत कागदच कागद. या माणसानं आयुष्यात कुणाचा कपभर चहासुद्धा फुकट घेतला नव्हता, असं लोक सांगायचे. लबाड असते तर माझं काम सोपं झालं असतं. खाली बसल्या बसल्या त्यांनी गिरणीची गोष्ट काढली.

"आमी गिरनीत हुतो तवा विम्याचं औषध नुसतं कामगारालाच. बायको आजारी पडली तर तिला कुनी इचारत नव्हतं. आमी भांडलो. मग बायका-पोरांना औषध मिळालं, पन दवाखान्यात खाट न्हाय. परत भांडलो, खाट बी मिळाली. आदी गिरन्या झाल्या, मग मोठे कारखाने झाले. आता ईज लावलेला आन् ईस मानसांचा कारखाना आसला की त्यो बी विम्याच्या आत. उद्या दहाचा येईल. परवा इड्या वळनाऱ्या बाया, हमाल, शेतावरले मजूर. टप्प्याटप्प्यानं, वैनी. शेवटाला काय ऱ्हाईल? मानूस जन्मला की विम्याचं कार्ड. सगळ्या देशाची येकच तिजोरी आन् तितनंच सगळ्यांचा इलाज. तू कुटं कामाला हाईस, आसं कुनी कुनाला इचारायचं न्हाय."

ऐकायला फार गोड होतं. मी विचारलं, "मग आजच का न्हाय, मानूस जन्मला की कार्ड?"

"आज कुनी देनार न्हाय."

"दुष्काळात दिलं की काम. आमी खडी फोडाय गेलो तवा कुनी इचारलं न्हाय, तुमी ईस हाय का दहा."

भाऊ हसले. चिडले असते तर मला आवडले असते. म्हणाले, "वैनी, भिताड येकदम पडत न्हाय. येकेक ईट काडावी लागती."

"आन् तवर आमी भिताडाखालीच बसायचं व्हय?"

हे कसंनुसं हसले आणि मला डोळ्यांनी गप्प केलं. मग भाऊ मुद्द्यावर आले. आमच्या कारखान्यात पुस्तकावर अठराच माणसं होती, म्हणून मामा आजवर सुटत आला होता. पण कायदा पुस्तक बघत नाही, काम कोण करतं ते बघतो. पत्र्याखाली बसणाऱ्या मी आणि अव्वा धरून वीस भरत होते. विम्याचे साहेब पाहणीला येणार होते. त्यांनी वीस मोजले की कारखाना आत, आणि कारखाना आत आला की सगळ्यांना कार्ड.

"आन् कार्ड आलं," भाऊ ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "की क्षयाच्या मानसाला पगारी रजा हाय. निम्मा पगार घरी येतो आन् मानूस पडून ऱ्हातो."

हे भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे उघडले. "पडून ऱ्हायाचं?" त्यांनी विचारलं.

"निस्तं पडून ऱ्हायाचं."

ह्यांच्या तोंडावर जे आलं, ते मी त्याआधी फक्त आमची लेक झाली तेव्हा बघितलं होतं. मी म्हटलं, "मला काय करायचं सांगा."

"साहेब इचारतील, हितं कामाला हाय का? तुमी व्हय म्हना. खोटं काय न्हाय त्यात."

मी म्हणेन म्हटलं. आणि ह्यांच्याकडे बघितलं. हे काहीच बोलले नाहीत, हो नाही आणि नकोही नाही. तेव्हाच त्यांच्या तोंडून काढून घ्यायला हवं होतं. पण आमच्यात मोठ्या गोष्टी विचारायची पद्धत नव्हती. तोंडाकडे बघायचं आणि ओळखायचं. मला तर ओळखण्याचा गर्व होता. म्हणायची, ह्यांच्या मनातलं मला बसल्या जागी कळतं.

साहेब आठवड्याभरात आला. कोवळा होता, कडक इस्त्रीचा सदरा, नाकाला रुमाल. आम्ही ज्यात दिवस काढायचो ती हवा त्याला घटकाभर सोसवत नव्हती. मामा त्याच्या मागेपुढे करत होता. मोजणी नीट व्हावी म्हणून साहेबानं सगळे माग बंद करायला लावले. दिवसाउजेडी त्या शेडमध्ये शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. पत्र्यावर कावळा चालला तरी कळत होतं.

अठरा जणांनी आपापल्या मागापाशी उभं राहून नाव सांगितलं, कारकुनानं लिहून घेतलं. मग साहेब आमच्या कोपऱ्याकडे आला. मामा पुढं होऊन म्हणाला, "ही म्हातारी बाई हाय साहेब. घरात करमत नाही म्हणून मुलापाशी येऊन बसते." अव्वाला कुणाचीच भीड नव्हती. ती म्हणाली, "अवुनु, होय साहेब, कामाला. आदी नवऱ्याच्या मागाला, आता मुलाच्या. साऱ्या जन्माची कांडी भरते मी. काम नाही तर काय, खेळ?" कुणीतरी हसलं. कारकुनानं तिचा अंगठा घेतला. "एकोणीस," साहेब म्हणाला.

मग माझ्यासमोर उभा राहिला. "बाई, तुम्ही इथं कामाला आहात का?"

माझ्या ओटीत कांड्या होत्या. केसांत, भुवयांवर सूत बसलेलं. आंधळ्यालाही कळलं असतं. मामा गोड हसून म्हणाला, "ही आमच्या सुनेसारखी साहेब. नवऱ्याचा डबा घेऊन आली." मी ह्यांच्याकडे बघितलं. हे मागाला धरून उभे होते. मान खाली, हनुवटी छातीला टेकलेली, डोळे गच्च मिटलेले, चेहरा लालकाळा झालेला. ही मान मला पाठ होती. खडीच्या कामावर माझं नाव पुकारलं की रोज सकाळी ती अशीच खाली जायची. त्यांचं ते भाकरी खातानाचं बोलणं मला आठवलं आणि वाटलं, हा माणूस मरेल पण मला हजेरीत उभी करणार नाही, आणि मी मात्र त्याच्या देखत होय म्हणायला निघाले आहे.

"न्हाय साहेब," मी म्हटलं. "मी कामाला न्हाय. डबा द्यायला आले हुते."

साहेबानं माझ्या ओटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नक्की?" त्यानं विचारलं. म्हणजे त्यानं मला संधी दिली होती, हे मला लपवता येत नाही. मी म्हटलं, "नक्की." कारकुनानं दोन ओळी लिहून कागद पुढं केला. अंगठ्याची शाई द्यायला लागला तशी मी म्हटलं, मला सही येते. सातवी पास होते मी. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट वळणदार सही केली आणि खाली रेघ ओढली.

एकोणीसच राहिले. साहेब गेला, माग सुरू झाले, आणि त्या खडखडाटात हे खोकायला लागले ते थांबेचनात.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर मी तोऱ्यातच होते. वीस झाले असते तर काय मिळालं असतं, हे मला माहीत होतं. ते सगळं मी ह्यांच्या शब्दासाठी सोडलं होतं, आणि ते ह्यांना कळावं असं मला वाटत होतं. मी म्हटलं, "तुमच्या मनासारखंच केलं बगा."

"काय केलंस?"

"तुमी मान खाली घातली की. मी वळकलं लगी."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, खोकला आला हुता. सगळं बंद केलेलं. आवाज झाला आसता तर मामाला कळलं आसतं, साहेबाला कळलं आसतं. त्यो दाबत हुतो मी."

मग ह्यांनीच विचारलं, "म्हंजे तू माज्यासाटी न्हाय म्हनलीस?" मी होय म्हणून मान हलवली. "मला वाटलं, भ्यालीस," हे म्हणाले. आणि मग म्हणाले, "जाऊ दे."

त्या ‘जाऊ दे’चा मला अजून संताप येतो. त्यांनी शिव्या द्यायच्या होत्या. ताट भिरकावायचं होतं. आमच्या गल्लीत बायकोनं भाजीत मीठ जास्त टाकलं तरी नवरे आकाशपाताळ एक करायचे, आणि माझ्या नवऱ्याला मी जन्माचं बुडवलं तर तो ‘जाऊ दे’ म्हणाला आणि भाकरी कुस्करायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी कांड्या सोडून विम्याच्या कचेरीत गेले. टेबलामागच्या माणसाला सांगितलं, काल मी खोटं बोलले, मी कामाला आहे, माझं नाव लिहा. त्यानं फाईल काढून माझाच कागद माझ्यापुढं धरला. "ही सही तुमचीच ना? मग झालं तर. आता पुढच्या पाहणीला सांगा." पुढची पाहणी कधी, तर यादीत नंबर येईल तेव्हा. मी तिथं आवाज चढवला. त्यानं शिपायाला बोलावलं नाही, पाणी मागवलं. माझ्या नशिबाला सगळे असे सभ्य लोक आले होते.

भाऊंनी अर्ज केला. एक झाला, दुसरा झाला. दर वेळी खोलीवर येऊन सांगायचे, "आता दहाचा आकडा येनार आसं ऐकतोय वैनी. मग तुमच्या व्हय-न्हायनं काय बिघडत न्हाय. जरा धीर धरा." ते आले की मी पाठ करून चुलीशी बसायची. हे मात्र त्यांना जवळ बसवून घ्यायचे आणि विचारायचे, कुठवर आलं? जशी काही लग्नाची बोलणीच चालली होती. हळूहळू ह्यांना त्या गोष्टीची गोडीच लागली. मला म्हणायचे, "बग, येक दिवस सगळ्यांना कार्ड." मी म्हणायची, तुमचं तेवढं बघा.

पाच महिने ते तसेच मागावर उभे राहिले. शेवटी एका दुपारी धोटा हातातून खाली पडला आणि त्यांना तो उचलता येईना. मामाला कळायचं ते कळलं. त्यानं टांगा करून दिला. मी त्यांना एसटीनं वळसंगला नेलं. तिथं ते पडून राहिले. डॉक्टरनं सांगितलेले सहा महिने नाही, बारा दिवस. आणि झोप म्हणून लागली नाही. कूस बदलली की खोकला यायचा. लेक दारातून बघायची, तिला आत येऊ द्यायचं नाही असं सासूनं ठरवलं होतं.

मामा मातीला आला. येताना चादर घेऊन आला आणि ती ह्यांच्यावर पांघरली. कोपऱ्यात वीण चुकलेली, दुय्यम मालातली चादर होती ती. विणकराची बायको होते, मला ते दिसायचंच. मी सगळ्यांसमोर ती ओढून काढणार होते, सासूनं माझा हात धरला.

तेरावं झाल्यावर भाऊ आले. सोलापूरहून एसटीनं, त्या वयात, उन्हात. ओसरीवर बसले, पाणी प्यायले. सासू आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "वैनी, येक सांगाय आलोय. तुमी मनाला लावून घेतलंय, मला ठावं हाय. पन तुमी त्या दिवशी व्हय म्हनाला आसता तरी ह्येंना ती रजा मिळाली नसती."

"म्हंजे?" मी विचारलं.

"कार्ड आलं म्हंजे लगीच न्हाय मिळत. आदी काय म्हैने पगारातनं वर्गनी जावी लागती, मग रजेचा हक्क येतो. क्षयाच्या रजेला तर आनिक लांब. तवर ह्ये…" पुढचं त्यांनी गिळलं. "म्हनून म्हनतो, तुमच्यामुळं झालं न्हाय."

सांत्वन करायला आले होते. त्यांना खरंच वाटत होतं, की हे ऐकून माझ्या छातीवरचा धोंडा उतरेल. मी विचारलं, "ह्ये तुमाला तवा ठावं हुतं?"

"हुतं."

"मग आमच्या खोलीवर येऊन ‘पडून ऱ्हायाचं’ कशाला म्हनला?"

भाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "ईस भरत हुते वैनी. येक कारखाना आत आला आसता तर त्या लायनीतले आनिक धा आले आसते. म्होरच्यांसाटी."

"म्होरच्यांसाटी," मी म्हटलं. "त्येंनाच सांगायचं हुतं की तसं. तुला काय मिळनार न्हाय, म्होरच्यांना मिळंल. ते न्हाय म्हनले नसते. तुमी इचारलंच न्हाय."

मी त्यांचं पाण्याचं भांडं त्यांच्यासमोर उचललं आणि अंगणात रिकामं केलं. आमच्याकडे पाहुण्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. ते उठले, पायात वहाणा घातल्या आणि स्टँडकडे चालू लागले. उन्हात त्यांना बराच वेळ एसटीची वाट बघावी लागली असणार. लागू दे, म्हटलं.

आता राहिलेलं सांगायला मला आवडत नाही, पण सांगितलं नाही तर मी भाऊंपेक्षा वाईट ठरेन. दोनेक वर्षांनी दहाचा आकडा आला. म्हातारा म्हणाला होता तसाच. मामाचा कारखाना आत गेला, कांड्या भरणाऱ्या बायकांची नावं पुस्तकावर चढली. मी तेव्हा लेकीला घेऊन परत सोलापुरात आले होते आणि त्याच कोपऱ्यात बसत होते, आता पगारावर, दुसऱ्याच एका विणकरासाठी. माझ्या नावाचं कार्ड झालं. पगारातून वर्गणी जायची. मी ते कार्ड पत्र्याच्या पेटीत तळाशी टाकलं होतं. अव्वा मात्र आपलं कार्ड ब्लाउजमध्ये घेऊन फिरायची आणि ज्याला त्याला दाखवायची.

पुढच्या वर्षी मला कावीळ झाली. चांगलीच वाढली. कारखान्यातल्या बायकांनी पेटी उघडून कार्ड काढलं आणि मला विम्याच्या दवाखान्यात नेऊन घातलं. खाट मिळाली. पांढरी चादर, दोन्ही वेळचं जेवण, आणि शुद्धीत आल्यावर नर्सनं सांगितलं, "बाई, तीन आठवडे उठायचं नाही. पगाराची काळजी करू नका, रजेचा कागद गेलाय." मी म्हटलं मला घरी जायचंय. ती म्हणाली, उठलात तर बांधून ठेवीन. मी खाटेवर पडून रडले. शेजारच्या बायकांना वाटलं, दुखतंय.

चौथ्या-पाचव्या दिवशी भाऊ आले. कुणी कळवलं कोण जाणे. काठी आली होती हातात. मोसंबी आणली होती, ती उशाशी ठेवली आणि स्टुलावर बसले. खाट बघत होते, पायाशी लावलेला कागद बघत होते, माझ्यावरचं पांघरूण बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर समाधान मावत नव्हतं. त्यांनी आयुष्यभर सांगितलेलं ते पुढचं माणूस त्यांच्यासमोर पडलं होतं, आणि ते मी होते. मला ओरडून सांगायचं होतं, की ही खाट माझी नाही, ज्याची होती त्याला वळसंगला जाळून आले मी. पण अंगात ताकद नव्हती. मी तोंड फिरवलं आणि त्यांच्याकडे पाठ केली.

आणि मला झोप लागली. खडीच्या कामापासून त्या दिवसापर्यंत लागली नव्हती अशी. कुणी उठवलं नाही, कुणाचा माग थांबला नाही, कुठं जायचं नव्हतं. जागी झाले तेव्हा दिवे लागले होते, भाऊ निघून गेले होते आणि अंग हलकं वाटत होतं. भाऊंना मी माफ केलं नाही, मामाला केलं नाही. पण त्या दुपारी मी इतकी चांगली झोपले, त्याचा राग सगळ्यात मोठा आहे आणि तो कुणावर काढावा ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.